जोडताना न बसलेला नंबर

"तुझ्या त्या डब्याचा आज पुन्हा फोन आला होता," बाबा जेवता जेवता म्हणाले.

बेबीने ताटातून मान वर केली नाही. "कुठल्या डब्याचा?"

"ते मला काय माहीत? ते नावच सांगत नाही. 'हा फोन यांच्या शीतगृहातून आहे' म्हणतं. यांच्या म्हणजे कोणाच्या? षष्ठी लावून ठेवलीय आणि मागचं नामच गायब. वर 'तापमान वाढला आहे.' तापमान वाढला? कोणी लिहून दिलं हे त्यांना?"

चाळिशी उलटली, ऑफिसात हाताखाली माणसं आली, तरी घरात ती बेबीच होती. आई गेल्यापासून घरात ती आणि बाबा असे दोघंच. बाबांनी उभा जन्म छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून काढला होता. दुसऱ्याच्या वाक्यातली चूक त्यांना भातातल्या खड्यासारखी दाताखाली यायची, आणि ती बाहेर काढून ताटाच्या कडेला ठेवल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे. बेबीला हे पाठ होतं. त्या दिवशी ती इतकी दमली होती की तिने ऐकलं ते फक्त व्याकरण.

"ऑफिसातला जुना चाचणीचा डबा कोणीतरी चालू केला असेल," ती म्हणाली. "एक दाबा म्हणतो ना तो? मग दाबा एक आणि द्या सोडून."

"मी दाबतोच. कधीपासून दाबतोय."

"मग झालं तर."

आणि तिने विषय तिथेच मिटवला.

बेबीची कंपनी लहानशी, पण तिचा डबा बऱ्याच ठिकाणी पोचलेला. शीतगृहाच्या भिंतीवर तो लावायचा, प्रत्येक थंड खोलीतून तापमान मोजणारी एक तार त्याच्याकडे यायची, आणि कुठली खोली गरम व्हायला लागली की डबा आपणहून त्या गिऱ्हाइकाच्या तातडीच्या नंबरावर फोन लावायचा. फोन उचलणाऱ्याने एक हा आकडा दाबला की डब्याची समजूत पटायची: माणसाला कळलं, आता तो बघेल. मग डबा तासभर गप्प. कोणीच एक दाबला नाही, तर मात्र भिंतीवरचा भोंगा सुरू व्हायचा, आणि तो ऐकून मेलेलाही उठून बसला असता.

डब्यातला प्रोग्रॅम सगळ्यांना एकच. बदलायचं ते गिऱ्हाइकाचं नाव आणि नंबर. हे दोन्ही वेगळ्या फाइलीत ठेवले तर कोणीही उघडून खुडबुड करेल, म्हणून मालकांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं की ते प्रोग्रॅमच्या पोटातच गेले पाहिजेत. त्याला सोय होती. प्रोग्रॅमचे तुकडे आधी वेगवेगळे तयार होतात आणि शेवटी लिंकर नावाचं हत्यार ते सगळे जोडून एक सलग फाइल बनवतं. त्या जोडणीच्या वेळी लिंकरला सांगता येतं, की अमुक तुकड्यात अमुक नावाची जागा आहे, तिथे हा मजकूर भर. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी पुन्हा जोडणी करायची आणि दरवेळी वेगळं नाव, वेगळा नंबर भरायचा. मजकूर भरला गेला नाही, तर त्या जागी मुळात जे लिहिलेलं असेल ते राहायचं. नावाच्या जागी मुळात काहीच नव्हतं. नंबराच्या जागी बाबांचा फोन होता.

तो तिथे कसा गेला, याला मोठी कथा नव्हती. अगदी सुरुवातीच्या चाचण्यांना हमखास उचलला जाईल असा नंबर हवा होता. मालक म्हणाले होते, तुमचे वडील घरीच असतात, त्यांचाच टाका. बाबांनाही तेव्हा गंमत वाटली होती. पुढे खरी गिऱ्हाइकं आली, खरे नंबर जोडताना भरले जाऊ लागले, आणि मुळातल्या नंबराकडे कोणाचं लक्ष जायचं कारणच उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी मालकांची मीटिंग सुरू होती. विषय होता डब्याच्या पडद्यावरची हिरवी पट्टी जास्त हिरवी करावी की कमी. बेबीचा फोन थरथरला. बाबा. तिने तो उलटा करून ठेवला. तो पुन्हा थरथरला. तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा मालकांनी तिच्याकडे पाहिलं आणि ती "एक मिनिट" म्हणत बाहेर आली.

"बाबा, मी मीटिंगमध्ये आहे."

"असशील. मी एवढंच सांगायला केला की तो डबा माझं ऐकत नाहीये. सकाळी खोली सहामध्ये नऊ होतं. मी एक दाबला. मग अकरा. एक दाबला. आता तेरा म्हणतोय. एकच खोली, पुन:पुन्हा, आणि आकडा वाढतोय. चाचणी असेल तर बंद करायला सांग त्या माणसाला, माझी आंघोळ राहिलीय."

"सांगते," बेबी म्हणाली, आणि चिडून तडक सामानाच्या खोलीकडे निघाली. चाचणीचा डबा ज्याने चालू ठेवला होता त्याला चार शब्द सुनवायचे, असं तिने जाता जाताच ठरवलं होतं. सुनवायला तिथे कोणी नव्हतं. जुना डबा फळीवर पडला होता. त्याची वायर त्याच्याच भोवती गुंडाळलेली होती आणि वर धुळीचा थर होता. शिवाय त्या डब्याला एकच तार होती. खोली सहा तो कुठून आणणार?

ती तशीच उभी राहिली. मग तिला ते वाक्य आठवलं. हा फोन यांच्या शीतगृहातून आहे. नाव रिकामं, नंबर बाबांचा. म्हणजे दोन्ही जागी मुळातलंच राहिलं होतं. म्हणजे जोडताना काहीच भरलं गेलं नव्हतं. म्हणजे हा डबा चाचणीचा नव्हताच. तो कुणाच्या तरी खऱ्या भिंतीवर होता, तिथली खरी खोली तापत होती, आणि प्रत्येक वेळी बाबा एक दाबून त्याला सांगत होते की काळजी करू नकोस, माणसाला कळलंय.

ती धावतच परत फिरली.

बिल्डचं, म्हणजे तुकडे जोडून प्रोग्रॅम तयार करण्याचं, काम सांभाळणारा तिचा सहकारी कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचा. त्याला सगळे टापटीप म्हणत, आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा. त्याच्या टेबलावर पेनंसुद्धा उंचीप्रमाणे लावलेली असायची. माणूस कामाला वाघ, फक्त अस्ताव्यस्त काही दिसलं की त्याचा हात स्वस्थ बसत नसे.

"गेल्या काही आठवड्यांत बिल्डमध्ये काय बदललंस?" बेबीने उभ्या उभ्याच विचारलं.

"काही नाही."

"आठव."

"खरंच काही नाही. फक्त ते फोल्डर. सगळीकडे आपण अलर्ट म्हणतो आणि त्या एकाच फोल्डरचं नाव अलार्म होतं. ते बदलून अलर्ट केलं. प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे जुनं नाव होतं तिथे तिथे बदललं, सगळं नीट कंपाइल होतंय."

"आणि जोडणीच्या स्क्रिप्टमध्ये?"

टापटीप पडद्याकडे वळला. त्याने स्क्रिप्ट उघडली. तिथे लिंकरला अजूनही बजावलेलं होतं की अलार्म या तुकड्यातल्या नंबराच्या जागी हा नंबर भर. फोल्डरचं नाव तेच तुकड्याचं नाव, त्यामुळे अलार्म नावाचा तुकडाच आता अस्तित्वात नव्हता.

"पण मग त्याने एरर द्यायला हवा होता," तो म्हणाला.

"देत नाही."

"असं कसं? नसलेल्या जागी भर म्हटलं तर तो बोलणार नाही?"

"नाही बोलत. जागा सापडली तर भरतो, नाही सापडली तर पुढे जातो. तसाच आहे तो."

"हे काय बोलणं झालं?"

"ते नंतर. आत्ता मला सांग, हे फोल्डर बदलल्यानंतर नवा प्रोग्रॅम कोणाकोणाला गेला, आणि त्यातल्या कोणाकडे सहा किंवा जास्त खोल्या आहेत."

तशी तीन गिऱ्हाइकं निघाली: एक फळांचा व्यापारी, एक मासळीचा कारखाना आणि एक लशींचं कोठार. शेवटचं नाव ऐकून दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोठाराचा नंबर फायलीत जुना निघाला, तो शोधायला टापटीप बसला.

तोवर बेबीने आधी घरी फोन लावला.

"बाबा, आता त्याचा फोन आला तर एक दाबू नका."

"कालच म्हणालीस दाबा."

"हो. आता नका दाबू."

"मग काय दाबू?"

"काहीच नका. नुसता ठेवून द्या."

"समोरचा बोलत असताना?"

"बाबा, तो डबा आहे."

"ते ठीक आहे. पण काय झालंय ते तरी सांगशील?"

"तुम्ही एक दाबलात की तिथला भोंगा वाजत नाही. तो वाजला पाहिजे."

"म्हणजे मी इतके दिवस..."

"तुम्ही काही केलेलं नाही. मीच सांगितलं होतं. फक्त आता दाबू नका."

फळांच्या व्यापाऱ्याने पहिल्याच घंटेला फोन उचलला आणि कंपनीचं नाव ऐकताच तिची हजेरी घ्यायला सुरुवात केली. त्याची सहावी खोली आज थंडगार होती, पण गेल्या आठवड्यात दुसरी खोली तापून तिच्यातली सफरचंदं नरम पडली होती, आणि डब्याने साधा फोन केला नव्हता. मग तो डबा भिंतीवर शोभेला लावलाय का? बेबीला उत्तर माहीत होतं. डब्याने फोन केला होता, बाबांनी एक दाबला होता. ती म्हणाली, "तुमचं बरोबर आहे, मी संध्याकाळपर्यंत स्वतः फोन करते," आणि त्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच तिने फोन ठेवला. बाबांना हे मुळीच आवडलं नसतं.

मासळीच्या कारखान्यात घंटा वाजत राहिली. कोणी उचलला नाही. बेबीने टापटीपला तो नंबर लावत राहायला बसवलं आणि त्याने काढून दिलेला कोठाराचा नंबर फिरवला.

कोठारपालाचा आवाज सावकाश होता, भरल्या पोटी माणूस बोलतो तसा. "हो, खोली सहा आहे ना. काय झालं?"

"तिच्यात आत्ता तापमान किती आहे?"

"आकडा दिसत नाही. डब्यावर लिहून आलंय, 'सूचना पोचली.'"

"कधीपासून?"

"सकाळपासूनच. मी वाटच बघतोय."

"कसली वाट?"

"तुमच्या माणसाची. सूचना पोचली म्हणजे तुमच्याकडे पोचली असणार. म्हटलं येईल कोणीतरी."

बेबीने कपाळाला हात लावला. "अहो, आमच्याकडे नाही पोचली. ती तुमच्याकडे पोचायला हवी होती."

"माझ्याकडे तर फोन आला नाही."

"तो चुकीच्या ठिकाणी गेला."

"मग पोचली कशी म्हणतोय डबा?"

"चुकीच्या ठिकाणी पोचली. तुम्ही कृपा करून खोलीचं दार उघडा आणि आतला साधा थर्मामीटर वाचा."

"दार विनाकारण उघडायचं नाही, असा नियम आहे. तापमान वाढतं."

"तापमान वाढलेलंच आहे."

"ते तुम्ही म्हणता. डबा तसं म्हणत नाहीये."

"डबा आमचा आहे. मी सांगतेय, डबा चुकतोय."

"मग आजवर बरोबर होता ते कशावरून?" कोठारपाल म्हणाला. तो चिडला नव्हता, त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, आणि त्याचाच बेबीला जास्त त्रास झाला. ती पुढे काय बोलावं याची जुळवाजुळव करत होती तेवढ्यात फोनमध्ये एक कर्कश आवाज घुसला. तिने फोन कानापासून लांब धरला. कोपऱ्यातल्या टापटीपनेही तो ऐकला आणि तो उठून उभा राहिला.

भोंगा. घरी डब्याचा फोन आला होता, आणि बाबांनी एक दाबला नव्हता.

"आलोच," कोठारपाल म्हणाला. आता त्याचा आवाज मुळीच सावकाश नव्हता. त्याने फोन टेबलावर तसाच टाकला. पावलं वाजली, जड दार सरकल्याचा आवाज आला, मग कोणीतरी कोणालातरी मोठ्याने हाका मारल्या. बेबी फोन कानाला लावून बसून राहिली. मीटिंग संपवून मालक बाहेर आले होते. त्यांनी खुणेनेच विचारलं काय झालं, तिने खुणेनेच थांबायला सांगितलं.

बऱ्याच वेळाने कोठारपाल परत आला. त्याला धाप लागली होती. "पंखा बंद पडलाय. आत चौदा आहे. दोनपासून आठपर्यंत चालतं आम्हाला. खोकी चार नंबरात हलवतोय," तो म्हणाला, आणि मग थोडं थांबून, "तुमचं दार उघडायचं ऐकायला हवं होतं."

"आमचा डबा नीट असता तर ऐकायची वेळच आली नसती," बेबी म्हणाली.

संध्याकाळी तिथल्या फार्मासिस्टबाईंचा फोन आला. लशीच्या प्रत्येक बाटलीवर एक छोटी खूण असते, ती उष्णतेने गडद होत जाते. त्यांनी बाटल्या काढून काढून खुणा पाहिल्या होत्या. बहुतेक माल वाचला होता. दारालगतच्या वरच्या फळीवरचा मात्र त्यांनी बाजूला काढला होता. तो कोणाला टोचायचा नाही. हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं आणि शेवटी विचारलं, "असं पुन्हा होणार नाही ना?" बेबीने "नाही" म्हटलं खरं, पण म्हणताना तिला आपल्या शब्दाचा भरवसा वाटला नाही.

तो न वाटणं रास्तच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्क्रिप्टमधलं जुनं नाव काढून नवं घातलं, नंबराच्या जागी स्वतःचा मोबाइल दिला आणि प्रोग्रॅम पुन्हा जोडला. कसलीही तक्रार नाही. फळीवरचा जुना डबा पुसून त्यात तो चढवला आणि डब्याची तार गरम चहाच्या कपात बुडवली. टापटीप शेजारी उभा होता. दोघं तिच्या मोबाइलकडे बघत राहिले.

मोबाइल वाजला. बाबांचा फोन होता.

"बेबी, आता खोली एक. मी काही दाबलेलं नाही."

तिच्यामागे जुन्या डब्याचा भोंगा सुरू झाला आणि सगळं ऑफिस कानावर हात ठेवून त्यांच्याकडे बघायला लागलं. टापटीपने धावत जाऊन वायर उपटली. नाव, जागा, स्पेलिंग, लहान अक्षर, मोठं अक्षर, बेबीने सगळं पुन्हा तपासलं. सगळं बरोबर. तरी नंबर बाबांचाच. ती लिंकरला मनातल्या मनात जे काही बोलली ते बाबांनी कुठल्याही मुद्रितात ठेवलं नसतं.

जीव मेटाकुटीला आला तेव्हा तिने तो तुकडाच उघडला. पूर्वी तिथे सरळ अवतरणचिन्हांत नंबर लिहिलेला होता. आता त्याच्याभोवती एक छोटं फंक्शन होतं.

"हे काय आहे?"

"ते साफसफाईचं," टापटीप हळूच म्हणाला. "लोक नंबरात स्पेस देतात, मध्ये आडव्या रेघा देतात. ते काढून टाकतं. फोल्डर बदललं तेव्हाच घातलं होतं."

बेबीने डोळे मिटून घेतले. जोडताना मजकूर भरता येतो तो फक्त साध्या, आयत्या लिहिलेल्या मजकुराच्या जागी, किंवा रिकाम्या जागी. तिथे एखादं फंक्शन बसवलं, की ती जागा भरायचं काम प्रोग्रॅम सुरू होताना त्या फंक्शनकडे जातं. लिंकरने काहीही सांगितलं तरी मग उपयोग नाही. फंक्शन बाबांचा नंबर घेत होतं, त्यात मुळात नसलेल्या स्पेस काढत होतं, आणि तो स्वच्छ करून परत ठेवत होतं.

"आणि याबद्दलही तो काही बोलत नाही?" टापटीपने विचारलं.

"याबद्दलही नाही."

"दोन्ही वेळा गप्प."

"टापटीप, तू हे साफ करायच्या आधी एकदा मला विचारलं असतंस तर?"

त्याने उपटलेली वायर नीट गुंडाळून ठेवली. मग म्हणाला, "ताई, माझं चुकलं. पण तो नंबर मुळात तिथे नसता, जागा रिकामी असती, तर फोन लागलाच नसता. कोणी एक दाबला नसता. पहिल्याच दिवशी भोंगा वाजला असता आणि सगळ्यांना कळलं असतं. तुमच्या बाबांचा नंबर इतकी वर्षं तिथे का होता?"

ऑफिसातले दोघंतिघं आपापल्या पडद्यात खुपसलेलं डोकं आणखी खाली घालून ऐकत होते. बेबीच्या जिभेवर उत्तर आलं होतं, मालकांनी सांगितलं म्हणून. ते तिने तिथेच अडवलं. मालकांनी टाकायला सांगितला होता. काढू नका असं कोणी म्हटलं नव्हतं.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "बस इथे. दोघं मिळून काढू."

त्यांनी नंबराची जागा रिकामी केली. साफसफाईचं फंक्शन दुसरीकडे, नंबर वापरायच्या वेळी, हलवलं. नाव किंवा नंबर रिकामा असेल तर डब्याने सुरूच होऊ नये, पडद्यावर तसं स्पष्ट लिहावं, असं केलं. आणि जोडणी झाली की स्क्रिप्टने तयार प्रोग्रॅमलाच विचारायचं, तुझ्या पोटात कोणाचा नंबर आहे. तो गिऱ्हाइकाच्या फायलीतल्या नंबराशी जुळला नाही तर तिथेच काम थांबवायचं.

मालकांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे करणं आत्ताच गरजेचं आहे का? पट्टीच्या रंगाचं ठरलंय, ते आधी देऊ."

"पट्टीचा रंग थांबेल," बेबी म्हणाली.

"नाही, म्हणजे तसा हा किरकोळच बदल होता. एका फोल्डरचं नाव."

"त्या किरकोळ बदलाने लशी फेकाव्या लागल्यात. त्या बाईंना तुम्ही फोन करून किरकोळ म्हणा, मग मी पट्टी करते."

मालकांनी मग पट्टीचं नाव काढलं नाही.

सगळ्या डब्यांत नवा प्रोग्रॅम जाईपर्यंत मधले दिवस कठीण होते. काही डबे दुरून बदलता आले, काहींसाठी माणूस पाठवावा लागला, आणि तोवर त्यांच्या सूचना बाबांकडेच येत राहणार होत्या. बाबा घराबाहेर पडेनासे झाले. बेबीने खूप सांगितलं की आता भोंगा वाजतो, तुम्ही नसलात तरी चालेल, फिरून या. ते म्हणाले, "आणि भोंगाही बिघडला तर?" फोन आला की ते पूर्ण ऐकायचे, खोलीचा आकडा आणि तापमान तिला कळवायचे, आणि काही न दाबता फोन ठेवायचे. एकदा ती लवकर घरी आली तर बाबा जेवणाचं ताट फोनशेजारी घेऊन बसले होते. भात गार झाला होता.

"इतके दिवस मी तुम्हाला सांगत होतो ना," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. रागावले की ते तिला तुम्ही म्हणत. "रोज सांगत होतो. फोन येतोय, फोन येतोय."

"सांगत होतात," बेबी म्हणाली. ताट उचलून तिने भात गरम करायला नेला.

शेवटी राहिला तो कोठाराचा डबा. तिथे भोंगा होता, शिवाय कोठारपाल आता तासातासाला स्वतः थर्मामीटर वाचत होता, आणि नवा प्रोग्रॅम बसवून कोणी तिथे येऊन दाखवल्याशिवाय तो डब्याला हात लावू देणार नव्हता. कोणी म्हणजे फोनवरच्या बाई. बेबी गेली.

कोठारपाल उंच, वाकलेला माणूस निघाला. अंगात जाड कोट, गळ्यात मफलर, बाहेर ऊन असूनही. त्याने तिला आधी बाजूला काढलेली फळी दाखवली. खोक्यांवर लाल पट्ट्या चिकटवल्या होत्या.

तिने प्रोग्रॅम चढवला. डबा सुरू झाला, पडद्यावर कोठाराचं पूर्ण नाव आलं. मग कोठारपालाने सहाव्या खोलीची तार सोडवून आणली आणि स्वतःच्या तळहातात घट्ट धरली. दोघं वाट पाहत उभे राहिले. बेबीने इतक्या वेळा हे सगळं ऑफिसात तपासलं होतं, तरी तिचे कान तिच्याच खिशाकडे होते. घरून फोन आला तर?

वाजला तो कोठारपालाच्या कोटातला फोन. त्याने तो कानाला लावून सगळा मजकूर ऐकला. बोट आकड्याजवळ नेलं, आणि मग फोन तसाच हातात धरून तो सहाव्या खोलीपर्यंत चालत गेला, दार ढकलून आतल्या थर्मामीटरसमोर वाकला, आकडा वाचला, आणि बाहेर येऊन मगच एक दाबला.

"चार आहे," तो म्हणाला. "बरोबर."

परतताना ती गाडीत बसली तोवर टापटीपचा फोन आला. नव्या गिऱ्हाइकाचा प्रोग्रॅम जोडत होता आणि स्क्रिप्टने काम मध्येच थांबवलं होतं. पडद्यावर लाल अक्षरं आली होती.

"काय म्हणतेय?"

"नंबर जुळत नाही म्हणतेय. मी दोनदा बघितलं ताई, बरोबर दिलाय मी. उगाच अडवतेय ही."

"तिसऱ्यांदा बघ."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "एक आकडा उलटसुलट झालाय."

"मग सुलट कर," बेबी म्हणाली, आणि घरी फोन लावला, बाबांना सांगायला की आता फिरायला जायला हरकत नाही.